गॅलिलिओचा 'संवाद' आणि त्याचे पहिले टीकाकार

१

गॅलिलिओ गॅलिलेई याचा 'विश्वाच्या दोन प्रमुख व्यवस्थांविषयीचा संवाद' हा ग्रंथ फेब्रुवारी १६३२ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात त्याची विक्री थांबविण्यात आली, सप्टेंबरमध्ये त्याची तपासणी करण्यासाठी रोममध्ये एक खास समिती बसली आणि २२ जून १६३३ या दिवशी एकोणसत्तर वर्षांच्या ग्रंथकाराला गुडघे टेकून आपल्या मताचा त्याग करावा लागला. हा इतिहास सर्वश्रुत आहे. विज्ञानाच्या इतिहासकारांनी या ग्रंथाची गणना गतिशास्त्राच्या पूर्वतयारीत केली; धर्माच्या इतिहासकारांनी त्याच्याकडे एका खटल्यातील पुरावा म्हणून पाहिले. या दोन्ही वाचनांत ग्रंथाचे वाङ्मयीन रूप ही एक बाह्य गोष्ट ठरते: शास्त्रीय आशयावर चढविलेला आकर्षक पोशाख, किंवा राजकीय संकटापासून बचाव करण्यासाठी धरलेली ढाल.

या समजुतीला पहिला धक्का देतात ती खटल्याचीच कागदपत्रे. १६३२ च्या समितीने आणि १६३३ च्या परीक्षकांनी जे आक्षेप नोंदविले, त्यांतील कित्येक आक्षेप खगोलशास्त्राचे नाहीत आणि धर्मशास्त्राचेही नाहीत. ते साहित्यसमीक्षेचे आहेत. प्रस्तावना कोणत्या ठशात छापली आहे, समारोपाचे वाक्य कोणत्या पात्राच्या तोंडी घातले आहे, त्यावर दुसऱ्या पात्राने दिलेला प्रतिसाद किती कोरडा आहे, ग्रंथाची भाषा कोणती आहे, अशा प्रश्नांचा त्यात ऊहापोह आहे. ग्रंथाचे रूप आणि त्याचा अभिप्राय यांचे नाते या वाचकांनी गंभीरपणे तपासले, आणि तेही ग्रंथाच्या पहिल्याच वर्षात. त्यांचे हेतू काहीही असोत, 'संवादा'चे पहिले टीकाकार तेच होत. त्यांचे वाचन कितपत यथार्थ होते, हा प्रश्न त्यांनी दिलेल्या निकालापासून वेगळा काढून विचारण्याजोगा आहे. कारण त्यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो: संवादाच्या रूपात लिहिणारा लेखक आपल्या पात्रांच्या मतांना जबाबदार असतो काय?

२

या प्रश्नाला त्या शतकात जे वजन आले, त्याचे कारण समजण्यासाठी मागे जावे लागते. मुद्रणकलेचा प्रसार, धर्मसुधारणेची चळवळ आणि नवे ज्योतिर्विज्ञान हे तीन प्रवाह युरोपात एकमेकांपासून दूर वाहत नव्हते. लूथरने बायबलचा नवा करार १५२२ मध्ये आणि संपूर्ण बायबल १५३४ मध्ये जर्मन भाषेत आणले, तेव्हा प्रश्न केवळ भाषांतराचा राहिला नाही; धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ऐरणीवर आला. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ मध्ये त्याला उत्तर दिले: श्रद्धा आणि नीती यांच्या बाबतीत पवित्र ग्रंथाचा अर्थ कोणीही स्वतःच्या बुद्धीवर विसंबून, चर्चने मान्य केलेल्या आणि प्राचीन धर्माचार्यांनी एकमताने दिलेल्या अर्थाविरुद्ध लावू नये. म्हणजे या काळात 'वाचन' ही क्रियाच राजकीय बनली होती. सूर्य स्थिर आहे असे म्हणणारा गणिती यहोशवाच्या पुस्तकातील सूर्य थांबल्याच्या कथेचा अर्थही नकळत बदलत होता. १६१५ मध्ये ग्रँड डचेस क्रिस्तिना हिला लिहिलेल्या दीर्घ पत्रात गॅलिलिओने तो उघडपणे बदलला. एका सामान्य श्रावकाने धर्मशास्त्र्यांच्या अंगणात पाऊल टाकले, असा त्याचा अर्थ घेतला गेला. पुढच्याच वर्षी, ५ मार्च १६१६ रोजी, कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत स्थगित करण्यात आला.

या कोपर्निकसच्या ग्रंथाची कथाही एका प्रस्तावनेपासूनच सुरू होते. १५४३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे तो छापला जात असताना ओझियांडर या लूथरपंथी धर्मोपदेशकाने त्याला एक निनावी प्रास्ताविक जोडले. ज्योतिर्विदाची गृहीतके सत्य असण्याची गरज नाही, गणिताला ती उपयोगी पडली म्हणजे झाले, असा त्याचा आशय होता. ग्रंथाच्या दारातच ग्रंथाचे म्हणणे सौम्य करणारा एक पहारेकरी उभा केला गेला. पुढे १६१५ मध्ये कार्डिनल बेलार्मीन याने दिलेला सल्लाही याच जातीचा होता: पृथ्वीची गती गृहीतक म्हणून मांडावी, वस्तुस्थिती म्हणून नव्हे. प्रॉटेस्टंट ओझियांडर आणि जेझुइट बेलार्मीन एकाच तोडग्यावर यावेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. एक पंथ प्रकाशाचा आणि दुसरा अंधाराचा, अशी सोपी विभागणी येथे टिकत नाही. जिनिव्हातील प्रॉटेस्टंटांनी १५५३ मध्ये सर्व्हेटसला जाळले, रोमने १६०० मध्ये जोर्दानो ब्रुनोला जाळले. आणि केप्लर हा निष्ठावंत लूथरपंथी असूनही लिंट्स येथे त्याच्याच पंथाने त्याला पवित्र भोजनविधीपासून दूर ठेवले.

म्हणजे नव्या ज्ञानाला या शतकात राहायला जागा मिळाली ती 'असे समजा' या दोन शब्दांत. गॅलिलिओच्या 'संवादा'चे सारे नाट्य या दोन शब्दांवर उभे आहे.

३

संवाद हा वाङ्मयप्रकार गॅलिलिओला घरातूनच मिळाला होता. त्याचा पिता व्हिंचेन्झो गॅलिलेई याने १५८१ मध्ये प्राचीन व अर्वाचीन संगीतावर लिहिलेला ग्रंथ संवादरूपच होता. स्वतः गॅलिलिओ हा मूलतः साहित्याचा अभिरुचिसंपन्न वाचक होता. १५८८ मध्ये त्याने दान्तेच्या नरकाचा आकार, स्थान आणि विस्तार यांवर फ्लॉरेन्सच्या अकादमीपुढे व्याख्याने दिली. ॲरिओस्तो आणि तासो यांच्यातील श्रेष्ठत्वाच्या वादात तो ॲरिओस्तोचा कट्टर पक्षपाती होता. अशा लेखकाने संवाद निवडला तो केवळ आडोसा म्हणून निवडला, असे मानणे त्याच्या वाङ्मयीन जाणिवेवर अन्याय करणारे आहे.

'संवादा'तील पात्रे तीन. साल्व्हियाती हा कोपर्निकसच्या बाजूने बोलणारा फ्लॉरेन्टाइन. सॅग्रेदो हा सुबुद्ध, चतुर, कोणत्याही शाळेशी न बांधलेला व्हेनिसचा सरदार. आणि सिंप्लिचिओ हा ॲरिस्टॉटलचा अनुयायी. पहिल्या दोघांना गॅलिलिओने आपल्या दिवंगत मित्रांची नावे दिली: फिलिप्पो साल्व्हियाती १६१४ मध्ये आणि जोव्हानफ्रांचेस्को सॅग्रेदो १६२० मध्ये निवर्तला होता. तिसऱ्याचे नाव सहाव्या शतकातील सिंप्लिकिअस या ॲरिस्टॉटलच्या भाष्यकाराचे. पण इटालियन कानाला त्यात भोळसटपणाचा ध्वनी ऐकू येतोच. चर्चेचे स्थळ आहे व्हेनिसमधील सॅग्रेदोचा वाडा. हे स्थळही निरर्थक नाही. ज्या प्रजासत्ताकाच्या पादुआ विद्यापीठात गॅलिलिओने १५९२ ते १६१० ही अठरा वर्षे घालविली, त्याच व्हेनिसने १६०६ मध्ये पोपच्या बहिष्काराला दाद दिली नव्हती आणि जेझुइटांना हद्दपार केले होते. फ्लॉरेन्समध्ये छापला गेलेला आणि रोमची परवानगी मागणारा हा ग्रंथ आपल्या कल्पनेतील घर मात्र व्हेनिसमध्ये बांधतो. मृत मित्रांच्या सहवासात, कालव्याच्या काठी, चार दिवस मुक्तपणे बोलण्याचे एक हरवलेले स्वातंत्र्य या रचनेच्या मुळाशी आहे. ग्रंथाला जो एक प्रकारचा उबदार, स्मरणाचा सूर आहे, तो येथून येतो.

४

या ग्रंथाचे वाङ्मयीन सामर्थ्य त्याच्या युक्तिवादांपेक्षा त्याच्या प्रतिमांत अधिक आहे. किंबहुना येथे युक्तिवाद हाच प्रतिमेच्या रूपाने अवतरतो. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेतील जहाजाचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण आहे. मोठ्या जहाजाच्या तळघरातील खोलीत मित्रासह स्वतःला कोंडून घ्यावे. बरोबर माश्या आणि फुलपाखरे असावीत, पाण्याच्या भांड्यात मासे असावेत, वर टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब पाणी खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात पडत असावे. जहाज उभे असताना हे सारे नीट न्याहाळावे. मग जहाज हव्या त्या वेगाने, पण एकसारखे चालू द्यावे. फुलपाखरे पूर्वीसारखीच चहूकडे उडत राहतील, थेंब त्याच भांड्यात पडत राहतील, मासे आमिषाकडे त्याच सहजतेने वळतील. जहाज चालले आहे की थांबले आहे, हे यांपैकी कशावरूनही सांगता येणार नाही. गतीच्या सापेक्षतेचे तत्त्व येथे एकाही सूत्राशिवाय सांगितले आहे. वाचक ते समजून घेण्याआधी अनुभवतो. पृथ्वी फिरत असती तर पक्षी मागे पडले असते, या जुन्या आक्षेपाची भीती एका बंद खोलीतील फुलपाखरांनी घालविली आहे.

त्याच दिवशी सॅग्रेदोला सुचलेली कल्पना याहून सूक्ष्म आहे. व्हेनिसहून सिरियाच्या किनाऱ्यावरील अलेक्झांड्रेट्टा बंदराकडे निघालेल्या जहाजात बसून एक चित्रकार प्रवासभर चित्र काढीत राहिला, तर त्याच्या लेखणीच्या टोकाने अवकाशात प्रत्यक्ष काढलेली रेषा कोणती? ती व्हेनिसपासून अलेक्झांड्रेट्टापर्यंत पोहोचलेली एक लांबच लांब, किंचित थरथरणारी रेषा होय. पण कागदावर मात्र माणसे, घरे, झाडे, प्राणी उमटलेले असतील. जहाजाची गती कागदाला आणि लेखणीला समान असल्यामुळे तिची खूण राहत नाही. उरतात ती केवळ हाताची लहानशी वळणे. विज्ञानाच्या एका तत्त्वासाठी निघालेली ही कल्पना कलेच्या स्वरूपाविषयीही काही सांगून जाते. मनुष्याचे सारे चित्रण कोणत्या तरी महागतीच्या अंगावर चाललेले आहे, आणि चित्रात ती गती दिसत नाही.

पहिल्या दिवसाच्या अखेरीस सॅग्रेदो मानवी बुद्धीच्या आविष्कारांचे वर्णन करताना लेखनकलेपाशी येऊन थांबतो. वीस लहानशा अक्षरांची कागदावर निरनिराळी मांडणी करून दूर इंडीजमध्ये राहणाऱ्यांशी, आणि हजार किंवा दहा हजार वर्षांनी जन्माला येणाऱ्यांशीही बोलता यावे, याहून थोर शोध त्याला दिसत नाही. सोळा वर्षांपूर्वी गप्प राहण्याची समज मिळालेल्या लेखकाने हे शब्द एका मृत मित्राच्या तोंडी घातले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्तुतीतील आर्तता जाणवते.

५

आता टीकाकारांकडे वळावे. ग्रंथाला परवानगी देणारा रिकार्दी हा पोपच्या प्रासादातील ग्रंथपरीक्षक फार अडचणीत होता. पोप अर्बन आठवा, म्हणजे पूर्वीचा कार्डिनल माफेओ बार्बेरिनी, हा स्वतः लॅटिन कवी होता. १६२० मध्ये त्याने गॅलिलिओच्या गौरवाची एक कविताही लिहिली होती. परंतु १६३२ पर्यंत परिस्थिती पालटली होती. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या प्रॉटेस्टंट राजाचे विजय होत होते आणि पोप पाखंड्यांविषयी मवाळ आहे, असा आरोप मार्च १६३२ मध्ये स्पेनच्या बाजूच्या कार्डिनल बोर्जियाने भर सभेत केला होता. अशा वेळी कवी-पोपला मित्राच्या ग्रंथातील व्यंग्यार्थाकडे काणाडोळा करणे परवडणारे नव्हते.

रिकार्दीने ग्रंथाचा मधला भाग लेखकाकडे सोडला आणि दोन टोके आपल्या हाती घेतली. जुलै १६३१ मध्ये प्रस्तावनेचा मसुदा रोमहून फ्लॉरेन्सला गेला. आशय कायम राखून शब्द बदलण्याची व सजविण्याची मुभा लेखकाला होती. अखेरीस पोपचा आवडता युक्तिवाद यावा, अशीही अट होती: ईश्वर सर्वशक्तिमान असल्यामुळे दिसणारा परिणाम तो आपल्या बुद्धीला अगम्य अशा अनेक मार्गांनी घडवू शकतो, म्हणून एकच कारण निश्चित आहे असे म्हणणे हा उद्धटपणा होय. ग्रंथाचे नाव भरती-ओहोटीवरून ठेवण्याचा लेखकाचा विचारही नामंजूर झाला. आरंभ आणि अंत सत्तेचा, मध्य लेखकाचा, असा हा करार होता.

समितीने हा करार मोडला गेल्याचे ओळखले, आणि ते तिने वाङ्मयीन पुराव्यांवरून ओळखले. तिचा एक आक्षेप असा: प्रस्तावना निराळ्या ठशात छापली आहे, त्यामुळे ती ग्रंथाच्या शरीरापासून तुटल्यासारखी झाली आहे. वरवर पाहता हा आक्षेप हास्यास्पद आहे. प्रास्ताविक मजकूर तिरप्या ठशात छापण्याची त्या काळी रीत होती, आणि ही प्रस्तावना मुख्य ग्रंथाची छपाई सुरू झाल्यावर हाती आली होती. तरीही आक्षेपाचे मर्म खरे आहे. ही प्रस्तावना १६१६ च्या आदेशाला हितकर म्हणून गौरविते, आणि इटलीतील विद्वानांनी तो अज्ञानापोटी काढलेला नाही, हे परदेशीयांना दाखवून देण्यासाठी आपण लिहितो आहोत, असे सांगते. पुढील चार दिवसांच्या चर्चेनंतर हे वाक्य पुन्हा वाचले, तर त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. ठशाने तुटली नसती, तरी सुराने ही प्रस्तावना तुटलेलीच होती.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. अखेरचे 'औषध' एका मूर्खाच्या तोंडी घातले आहे, ते सहज सापडणार नाही अशा जागी ठेवले आहे, आणि दुसऱ्या पात्राने त्याचे स्वागत थंडपणे केले आहे. यांतील थंडपणाचे निरीक्षण अचूक आहे. सिंप्लिचिओ पोपचा युक्तिवाद एका थोर व विद्वान व्यक्तीकडून ऐकलेला म्हणून सांगतो. साल्व्हियाती तो अद्भुत आणि देवदूतांना शोभणारा आहे असे म्हणतो. आणि पुढे चर्चा होत नाही. चार दिवस प्रत्येक वाक्याची चिरफाड करणारा माणूस जेव्हा एका वाक्याची केवळ स्तुती करतो, तेव्हा त्या स्तुतीचा अर्थ वाचकाला कळतो. संवादात मौन हेही एक विधान असते, हे समितीला नेमके उमगले होते.

पण 'मूर्ख' हा शब्द वापरताना समितीचे वाचन उथळ ठरते. सिंप्लिचिओ मूर्ख नाही. तो हट्टी आहे, ग्रंथप्रामाण्यावर विसंबणारा आहे, परंतु ऐकणारा आहे. तिसऱ्या दिवशीच्या चर्चेत साल्व्हियाती त्याला कागद आणि कंपास घ्यायला लावतो. पृथ्वीची जागा त्याने हवी तेथे मांडावी. मग शुक्र आणि बुध सूर्यापासून फार दूर जात नाहीत, मंगळ जवळ आला की मोठा दिसतो, अशी त्यालाच मान्य असलेली निरीक्षणे ध्यानी घेऊन एकेका ग्रहाची जागा ठरवावी. एकेका प्रश्नाचे उत्तर देता देता सिंप्लिचिओ स्वतःच्या हाताने जी आकृती पुरी करतो, ती कोपर्निकसची असते. प्लेटोच्या संवादात एका गुलाम मुलाकडून भूमितीचा सिद्धांत काढून घेतला जातो, त्या परंपरेतील हा प्रसंग आहे. मूर्खाचा पराभव दाखविणारे पुस्तक निरुपद्रवी असते. विरोधकाच्या हातूनच सत्य उमटवून घेणारे पुस्तक नसते. समितीला ज्याची भीती वाटत होती त्याचे खरे कारण तिच्या शब्दात सापडत नाही, ते सिंप्लिचिओच्या या आकृतीत आहे.

तिसरा आक्षेप एप्रिल १६३३ मध्ये तिघा परीक्षकांपैकी मेल्किओर इंकोफर या जेझुइटाने नोंदविला, आणि तो भाषेविषयी आहे. लेखकाने विद्वानांसाठी लॅटिनमध्ये न लिहिता इटालियनमध्ये लिहिले, ते ज्यांच्यात चुकीची मते चटकन रुजतात अशा सामान्य लोकांना ओढून घेण्यासाठी, असे त्याचे म्हणणे. गॅलिलिओने स्वतः १६१२ मध्ये एका पत्रात याचे उत्तर जणू आगाऊ देऊन ठेवले होते: विद्यापीठात न गेलेल्या पण बुद्धिमान माणसांनाही निसर्गाने पाहण्यासाठी डोळे आणि समजण्यासाठी मेंदू दिला आहे, हे त्यांना कळावे. परीक्षक आणि लेखक यांचे वस्तुस्थितीविषयी येथे एकमत आहे. मतभेद आहे तो सामान्य वाचकाच्या योग्यतेविषयी.

या संदर्भात एक गोष्ट मराठी वाचकाला सहज आठवेल. रोमची धर्मसत्ता देशभाषांची सरसकट वैरी नव्हती. कोपर्निकसचा ग्रंथ स्थगित झाला त्याच १६१६ साली गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने छापून निघाले. धर्मसुधारणेने प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडमधून बाहेर पडून १५७९ मध्ये गोव्यास आलेला हा कॅथलिक लेखक त्या युरोपीय उलथापालथीचेच अपत्य होता. त्याच्या काव्यातही श्रोते शंका विचारतात आणि पाद्री-गुरू त्यांचे निरसन करतो. या दोन कृतींत कार्यकारणाचे नाते नाही. तुलना मात्र उद्बोधक आहे. 'क्रिस्तपुराणा'त प्रश्न श्रोत्याचा असतो आणि उत्तर आधीपासून ठरलेले असते. देशभाषा ही ठरलेले उत्तर घरोघर पोहोचविण्याचे साधन आहे. 'संवादा'त देशभाषा प्रश्न विचारण्याचे साधन बनते आणि उत्तर श्रोत्याच्या हातून घडते. इंकोफरचा आक्षेप वरकरणी इटालियन भाषेवर आहे, पण त्याचा रोख या बदललेल्या दिशेवर आहे.

६

या तीन आक्षेपांइतकीच अर्थपूर्ण आहे ती लेखकाची स्वतःच्या ग्रंथावरील टीका. १२ एप्रिल १६३३ च्या जबानीत गॅलिलिओने ग्रंथ कोपर्निकसच्या मताविरुद्ध असल्याचे सांगितले. ते कोणालाही पटणारे नव्हते. ३० एप्रिल रोजी तो पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात आपण ग्रंथ पुन्हा वाचला, आणि बऱ्याच दिवसांनी हाती घेतल्यामुळे तो जणू दुसऱ्याच कोणाचा वाटला, असे त्याने सांगितले. लेखकाचा हेतू ठाऊक नसलेल्या वाचकाला खोट्या बाजूचे युक्तिवाद अधिक बळकट वाटतील, हे त्याने मान्य केले. याचे कारण म्हणून आपल्या चातुर्यावर खूश होण्याचा मनुष्यस्वभाव आणि कीर्तीची हाव ही त्याने पुढे केली. बाहेर गेल्यावर तो परत आला आणि ग्रंथात आणखी एक-दोन दिवसांची चर्चा जोडून त्या मताचे खंडन करण्याची तयारी त्याने दर्शविली.

भयाखाली दिलेल्या या जबानीला कबुली म्हणून किंमत नाही. परंतु तिच्यात एक वाङ्मयीन सत्य निसटून बाहेर पडले आहे. हेतू एक होता आणि ग्रंथ दुसरेच बोलला, ही सबब म्हणून खोटी आहे. पण ग्रंथाच्या रूपाला स्वतःची एक दिशा असते, हे विधान म्हणून खरे आहे. 'असे समजा' या अटीवर लिहू पाहणाऱ्या लेखकाने जिवंत पात्रे निर्माण केली, आणि जिवंत पात्रे समजण्यापाशी थांबत नाहीत. त्यांना पटते किंवा पटत नाही. निबंधात गृहीतक गृहीतकच राहू शकते. संवादात ते कोणाच्या तरी चेहऱ्यावर उमटते. आणखी दोन दिवस जोडले असते, तरी सिंप्लिचिओने काढलेली आकृती पुसता आली नसती.

७

या ग्रंथाचे दोष झाकण्याचे कारण नाही. चौथ्या दिवसाची सारी इमारत भरती-ओहोटीच्या उपपत्तीवर उभी आहे आणि ती उपपत्ती चुकीची आहे. पृथ्वीच्या दोन गतींच्या मिश्रणाने समुद्र हिंदकळतो, असे गॅलिलिओचे म्हणणे. चंद्राच्या प्रभावाची केप्लरची सूचना त्याने, अशा विचारवंताला न शोभणारी म्हणून, बाजूला सारली. ज्या युक्तिवादाला तो सर्वांत निर्णायक मानीत होता, तोच सर्वांत दुबळा ठरला. दुसरा दोष रचनेचा आहे. 'दोन प्रमुख व्यवस्था' या नावातच एक लबाडी आहे. टायको ब्राहेने मांडलेली तिसरी व्यवस्था, ज्यात ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, त्या काळी जेझुइट ज्योतिर्विदांना बरीच मान्य झाली होती. आणि गॅलिलिओने शोधलेल्या शुक्राच्या कलांचे स्पष्टीकरण तीही तितकेच देत होती. तिला या वाड्यात प्रवेश नाही. केप्लरच्या लंबवर्तुळांनाही नाही. नाट्याला दोन पक्ष हवे असतात. शास्त्राला जितके असतील तितके. येथे नाट्याने शास्त्रावर मात केली आहे.

विशेष हे की, हा दोषही संवादाच्या रूपानेच उघडा पडतो. चौथ्या दिवशी सॅग्रेदो शंका काढतो, साल्व्हियातीला वारंवार सावरावे लागते, आणि त्याच्या बोलण्यातला सहजपणा ओसरतो. जहाजातील फुलपाखरांच्या प्रसंगात जी निश्चिंतता आहे, ती येथे नाही. ज्या रूपाने लेखकाचा लपविलेला विश्वास सत्तेपुढे उघड केला, त्याच रूपाने त्याचा लपविलेला दुबळेपणा वाचकापुढे उघड केला. प्रामाणिक वाङ्मयप्रकार कोणाचीच बाजू पूर्णपणे राखीत नाही.

८

ग्रंथाचे पुढील चरित्र हे बव्हंशी त्याच्या दारावरील पहारेकऱ्यांचे चरित्र आहे. १६३५ मध्ये बेर्नेगरने स्ट्रासबुर्ग येथे त्याचे लॅटिन भाषांतर प्रसिद्ध केले. जो ग्रंथ सामान्यांच्या भाषेत लिहिला म्हणून दोषी ठरला, तो विद्वानांच्या भाषेत युरोपभर गेला. १७४४ मध्ये पादुआत तो पुन्हा छापण्याची परवानगी मिळाली ती त्यासोबत शिक्षेचा निकाल आणि मतत्यागाचा मजकूर छापण्याच्या अटीवर. म्हणजे औषध या वेळी ठळक जागी ठेवण्यात आले. निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून त्याचे नाव गळले ते १८३५ च्या आवृत्तीत. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या काळच्या धर्मशास्त्र्यांची चूक जाहीरपणे मान्य केली.

या चुकीचे स्वरूप नीट समजले पाहिजे. गॅलिलिओच्या कैवाऱ्यांनी पुष्कळदा असे म्हटले आहे की, ग्रंथ निःपक्षपाती होता आणि न्यायाधीशांनी त्याचा विपर्यास केला. असा बचाव ग्रंथाला लहान करतो. न्यायाधीशांनी त्याचा फारसा विपर्यास केला नाही. प्रस्तावनेतील उपरोध, समारोपातील थंडपणा, देशभाषेची निवड यांचे अर्थ त्यांना बरोबर कळले होते. समितीने तर असेही नमूद केले होते की, ग्रंथ तेवढ्या कृपेस पात्र वाटला तर त्यातील दोष दुरुस्त करता येतील. तेथे थांबले असते तर ती कठोर, पण वाङ्मयीन टीका ठरली असती. त्यांची चूक वाचनात नव्हती. योग्य वाचनावरून शिक्षा काढता येते, या समजुतीत होती. टीकाकाराला ग्रंथाचा खरा अर्थ उघड करण्याचा अधिकार असतो आणि तो उघड झाला की त्याचे काम संपते. त्यापुढे तो जे काही करतो, ते टीकेच्या नावावर खपविता येत नाही. आणि आरंभी उपस्थित झालेल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: संवादाचा लेखक जबाबदार असतो, पण तो वाचकाला जबाबदार असतो.

शिक्षेनंतर आर्चेत्री येथील घरकैदेत गॅलिलिओने जो ग्रंथ पुरा केला आणि जो १६३८ मध्ये लायडन येथे छापला गेला, त्यात साल्व्हियाती, सॅग्रेदो आणि सिंप्लिचिओ पुन्हा एकत्र येतात. पृथ्वीच्या गतीचा विषय तेथे नाही. पदार्थांचे बल आणि पडणाऱ्या वस्तूंची गती यांवर ते बोलतात, आणि सिंप्लिचिओ आता अधिक समजूतदार झाला आहे. न्यायासनापुढे टाकून द्यावे लागले ते मत. संवाद टाकून देण्यास लेखक तयार नव्हता. 'पण ती फिरतेच' हे उद्गार त्याने मतत्यागानंतर काढले, ही पुढील पिढ्यांनी रचलेली आख्यायिका आहे. मूळ ग्रंथाचा शेवट याहून साधा आहे. चार दिवसांची चर्चा संपते, आणि वाट पाहत असलेल्या नावेतून संध्याकाळच्या हवेत फिरून यावे म्हणून तिघे मित्र उठतात. हरलेला आणि जिंकलेला एकाच नावेत बसणार असतात.